एकशे चव्वेचाळीस खिळे, एक माणूस

...आणि खोक्यावर काय छापलंय, तर म्हणे 'एक माणूस, चार तास'! चार तास! तुम्हाला सांगतो, ज्यानं हे लिहिलं ना, त्याला माझ्या गॅरेजात आणून, त्या थंडगार सिमेंटवर उताणा पाडून चार तास ठेवला पाहिजे, म्हणजे कळेल त्याला एक माणूस कशाला म्हणतात ते. आणि वर फोटो! शर्ट इस्त्रीचा. दात सगळेच्या सगळे. बर्फगाडीशेजारी गुडघा टेकून बसलाय, हातात पाना, आणि हसतोय! अरे बाबा, हसतोयस काय? एकटा आहेस ना तू? मग कुणाकडं बघून हसतोयस? मी आठ दिवस त्या फोटोकडं बघत होतो, नवव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला... फोटो काढणारा होता की तिथं! म्हणजे दोघं होते! म्हणजे खोक्यावरसुद्धा हे एकट्यानं जमलेलं नाही, फक्त दुसऱ्याला फोटोच्या बाहेर उभा केलाय. दोन माणसांचं काम हो हे! दोन माणसांचं काम!

आता तुम्ही म्हणाल, तौनो, चार खिळे ठोकायचे त्यात एवढं काय. ठोकायचे नसतात! तिथंच सगळे चुकतात. बर्फगाडीचा पट्टा असतो रबराचा. भुसभुशीत बर्फात तो छान चालतो, पण तळं काचेसारखं झालं की जागच्या जागी फिरतो, गाडी हलत नाही, आणि हलली की थांबत नाही. म्हणून पट्ट्याला भोकं पाडायची, एकशे चव्वेचाळीस. प्रत्येक भोकातून आतल्या बाजूनं एक खिळा घालायचा, डोकं आत, टोक बाहेर. बाहेरून वायसर, वायसरवर नट, आणि पिळायचं. आता तुम्ही बाहेरून नट पिळायला लागलात की आत खिळा काय करतो? तोही फिरतो! तुमच्याबरोबरच फिरतो! दिवसभर पिळा, तो आपला दिवसभर फिरतोय. म्हणून एकानं जमिनीवर उताणं पडायचं, डोकं आणि दोन्ही हात पट्ट्याच्या आत घालायचे, खिळ्याचं डोकं पान्यानं धरायचं आणि ओरडायचं, "धरलं!" मग बाहेरच्यानं नट पिळायचा आणि ओरडायचं, "पिळलं!" मग पुढचा. धरलं, पिळलं. धरलं, पिळलं. आमच्या ह्या भागात हरणांच्या शिकारीचे दिवस संपले की डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कुठल्याही गॅरेजवरून जा, आतून हेच ऐकू येणार.

माझ्या गॅरेजातून चौतीस वर्षं येत होतं. मी आणि विल्हो. विल्हो राहतो तळ्याच्या पलीकडं, तीन मैलांवर, कधी लग्न केलं नाही, लाकडाच्या कारखान्यात माझ्या शेजारी उभा राहून हयात घालवली आणि शनिवारी पुन्हा माझ्याच गॅरेजात यायचा. तुटलेले खिळे बदलायचे, ढिले पिळायचे. आधी त्याची गाडी, मग माझी. शेगडी पेटलेली, वर कॉफी, आणि माझी बायको सायमी दर तासाला दार उघडून विचारणार, "अजून भांडलात की नाही? मग पाव आणते." वेलचीचा पाव करायची, असा मऊ. आणि जाताना विल्हो माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही स्की, म्हणजे चाकांच्या जागी असतात त्या वळणाऱ्या फळ्या, सोडवून बगलेत मारायचा. "त्याचं मी बघतो," म्हणायचा. काय बघायचा त्याचं त्याला ठाऊक, दोन दिवसांनी आणून परत बसवायचा. मी कधी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नव्हती.

पण पट्ट्यातून बोलणं व्हायचं. म्हणजे बघा, मी आत, तो बाहेर, मध्ये रबर, तोंड दिसत नाही. जे तोंडावर बोलता येत नाही ते पट्ट्यातून येतं बोलता. तीन वर्षांपूर्वी मी आतून म्हणालो, "डॉक्टर म्हणतात सायमीला उन्हाळा दिसेल की नाही सांगता येत नाही." म्हणालो आणि खिळा धरला. बाहेर आवाजच नाही. मी म्हणालो, "धरलं!" आवाज नाही. बऱ्याच वेळानं हळूच आलं, "पिळलं." बास, एवढंच. पण त्या दिवशी तो नट त्यानं तीनदा पिळला, मला आतून कळत होतं.

तर असा माणूस. आणि त्याच्याशी माझं चौदा महिने बोलणं नाही! का? ऐका तर खरं. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या डिसेंबरात मी म्हणालो, "विल्हो, चौतीस वर्षं मी आत पडतोय, माझी पाठ सत्तरीची झाली, यंदा तू आत हो, मी पिळतो." तर म्हणतो, "माझं पोट बसत नाही आत." मी म्हणालो, "मग ते कमी कर." इथपर्यंत ठीक होतं हो! हे आमचं रोजचंच! पण मग तो म्हणतो काय, "तसंही तुला पिळायला येतं कुठं? सायमी काकडीच्या लोणच्याची बरणी उघडायला माझ्याकडं द्यायची, ती का तुझ्या हातात जोर होता म्हणून?" आता... द्यायची. खरंय. द्यायची ती. पण तिला जाऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं, त्या घरात तिचं नाव मी स्वतः घेत नव्हतो, आणि हा माझ्याच गॅरेजात उभा राहून तिला साक्षीदार करतो? माझ्याविरुद्ध? मी म्हणालो, "चालता हो." तो म्हणाला, "होतो." आणि झाला. पाना तसाच बाकावर ठेवून गेला, त्याचा स्वतःचा पाना! मी तो अजून हलवलेला नाही. म्हणजे गंजू नये म्हणून तेल लावतो, पण हलवलेला नाही.

आणि गंमत बघा, पहिले चार महिने कुणाच्या लक्षातच आलं नाही! आमच्याकडं दोन माणसं चार महिने एकमेकांशी बोलली नाहीत तर त्याला भांडण म्हणत नाहीत, हिवाळा म्हणतात. मे उजाडला तेव्हा लोकांना संशय आला.

मी म्हणालो, गेला उडत. मला काय कमी आहे? घर आहे, वाफेच्या अंघोळीला सौना आहे, लाकूड फोडलेलं आहे. मुलगी मार्शा ॲरिझोनात, दर रविवारी फोन करते. मधले सहा दिवस मी रेडिओशी वाद घालतो, तो ऐकून घेतो बिचारा. जानेवारीत एकदा सलग अकरा दिवस माझ्या घशातून आवाज बाहेर पडला नाही, बाराव्या दिवशी पोस्टातल्या बाईंना 'बरं आहे' म्हणायला गेलो तर नुसती खरखर! त्या म्हणाल्या, "सर्दी झालीय का?" मी म्हणालो, "हो." काय सांगणार?

पण कपाचं काय? सांगायचंच राहिलं, सगळं घोडं तिथंच अडलंय. आमच्या कोइवू तळ्याच्या क्लबाचं जेवण असतं फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, डाव्या काठावरच्या हॉलात. मांस-बटाट्याच्या पास्ट्या, कॉफी. भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर कप, प्रत्येकाचा कप त्याच्या नावाचा. नियम दोनच. एक, तळं ओलांडून बर्फगाडीनं यायचं. रस्त्यानं मोटारीतून आला त्याला जेवण मिळेल, पण कॉफी कागदी पेल्यातून, नवख्या माणसासारखी. आणि दुसरा, लागोपाठ दोन वर्षं आला नाही तर त्याचा कप खाली. खाली म्हणजे खाली! साधारण मेलेल्यांचे उतरवतात, पण न येणाऱ्याचाही उतरवतात. गेल्या वर्षी मी गेलो नाही. का? तो असणार म्हणून! यंदा नाही गेलो की संपलं. माझ्या कपावर नाव सायमीनं रंगवलेलं आहे, निळ्या रंगात, आणि शेवटी जागा पुरली नाही म्हणून 'नो' खाली लोंबतोय. तो कप खाली येता कामा नये, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि... बरं, आता बोललोच आहे तर सांगून टाकतो. तिथं विल्हो असेल, त्यानं बघावं, असंही होतं. एकट्यानं बसवलेत खिळे, बघ म्हणावं. आणि बघितल्यावर कदाचित काहीतरी म्हणेल. काही का म्हणेना!

आणि नेमका यंदाच माझा जुना पट्टा फाटला, खिळ्यांसकट. आणि नेमका यंदाच भर जानेवारीत पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी सगळं गोठलं. तळं म्हणजे नुसता आरसा. कोरा पट्टा घेऊन त्यावर जाणं म्हणजे साबण लावून नाचण्यासारखं. म्हणून गेलो डुएनच्या दुकानात. डुएन म्हणजे सुटे भाग विकणारा आणि क्लबाचा चिटणीसही तोच. पट्टा घेतला, खिळ्यांचं खोकं घेतलं. म्हणतो, "काका, ठेवून जा गाडी, संध्याकाळपर्यंत बसवून देतो." मी म्हणालो, "डुएन, दुसऱ्यानं बसवलेल्या खिळ्यांवर आमच्या घरात कुणी बसलं नाही." तो म्हणाला, "बरं. विल्होकाकाही येऊन गेले कालच, त्यांनी स्कीच्या..." मी म्हणालो, "त्याचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही!" तो म्हणाला, "नाही काढत, पण काका, तुमच्या स्कीच्या पातींचं काय, त्या..." मी म्हणालो, "मला शिकवू नकोस! तू लंगोटात होतास तेव्हापासून मी हे करतोय!" बिचारा खोकं बांधायला लागला. अहो, मी त्याला बोलू दिलं असतं ना, तर आज ही गोष्टच झाली नसती.

मग सुरू झालं. गाडी घोडीवर चढवली, आतला सांगाडा काढला, पिवळ्या खडूनं खुणा केल्या, भोकं पाडली. इथपर्यंत एक माणूस चालतो, मी खोटं बोलणार नाही. मग पहिला खिळा. आत शिरलो, पाना लावला, धरला, आणि मी चक्क ओरडलो, "धरलं!" सवय हो! आणि थांबलो. वाट बघत पडलो. कशाची? मलाच कळेना. मग आठवलं की बाहेर कुणी नाही. मग बाहेर आलो, गुडघे कडकडले, वळसा घालून पलीकडं गेलो, नट पिळायला लागलो, तर आत पाना खाली पडला, ठण्ण! खिळा फिरतोय. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. दिवसअखेर किती बसले? तीन. त्यातले दोन वाकडे. दोन माणसांचं काम! मी खोकं उचलून त्या हसऱ्याच्या तोंडावर सांगितलं.

रविवारी मार्शाचा फोन आला, तोंड दिसतं तो. "बाबा, तुमच्या कपाळाला काय लागलंय?" मी म्हणालो, "पट्टा." "अहो बाबा, कशाला हे उद्योग या वयात? इकडं या ना माझ्याकडं, इथं बर्फच नाही!" मी म्हणालो, "म्हणूनच येत नाही." ती म्हणाली, "विल्होकाकांना का नाही बोलवत?" मी म्हणालो, "आवाज तुटतोय ग तुझा." म्हणाली, "बाबा, आवाज अजिबात तुटत नाहीये." आईवर गेलीये. मग म्हणाली, "पाना कशाला तरी बांधून बघा." आता हे बरोबर बोलली, पण मी कबूल केलं नाही.

फोन ठेवल्याबरोबर बांधला! सायमीची लोकर होती टोपलीत, लाल, अर्धवट राहिलेल्या पायमोज्याची. सुईवरचे टाके नाही काढले, नुसतं गुंड्याकडून लांब टोक कापलं. त्यानं पाना बांधला गाडीच्या चौकटीला, मध्ये तिच्या लाटण्याचा टेकू, आणि पलीकडून माझा डावा पाय. हो, पाय! बुटाच्या टाचेनं पाना दाबायचा, कंबर वळवून उजव्या हातानं बाहेर नट पिळायचा. ह्या आसनात कुणी मला बघितलं असतं तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती. पण बसला! चौथा खिळा बसला, सरळ! आणि मी ओरडलो, "पिळलं!" मग मलाच वाटलं, हे बरोबर नाही, आधी धरलं म्हणायला हवं. मग मी आतल्या बाजूला तोंड करून जाड आवाजात म्हणायचो "धरलं", आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून विल्होच्या आवाजात, नाकातून, "पिळलं". हसू नका! एकशे चाळीस वेळा केलंय मी हे. एकोणीस दिवस. साठाव्या खिळ्याच्या आसपास तर तो बाहेरचा मला टोमणेसुद्धा मारायला लागला. "काय रे तौनो, झोपलास काय आत?" मी म्हणायचो, "गप रे." बरं वाटायचं. मग शेगडीवर एकच कप कॉफी गरम करायचो आणि बाकावर बसायचो, त्या पान्याशेजारी. घर इतकं शांत असायचं की कॉफीचा घोट घशाखाली उतरलेला ऐकू यायचा.

पण पुरे केले! एकशे चव्वेचाळीस! शनिवारी सकाळी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, अगदी खोक्यावरचा माणूस बनलो आणि निघालो. अहाहा! गाडी अशी सुटली म्हणता, एक घसरण नाही! खिळे बर्फात रुततायत, मागं पांढरा भुगा उडतोय, ब्रेक दाबला की जागेवर उभी! मी दोनदा उगाच दाबून बघितला. एकटाच ओरडलो तळ्यावर, "एक माणूस!" आता आमच्या तळ्यावरची वाट कशी, तर नाताळ झाला की घरोघरची नाताळची झाडं बर्फात रोवतात, एकामागं एक, तीच खूण. मधोमध एक झाड आलं की डावीकडं वळायचं, हॉलकडं. ते झाड विल्होचं. दुरून कळतं, त्याच्यावरची चंदेरी झिरमिळी हा कधी काढत नाही, आळशी. यंदाही होतीच, लखलखत होती. मी जवळ आलो, डौलात दांडा डावीकडं वळवला...

आणि गाडी सरळ!

दांडा डावीकडं, स्की डावीकडं, मी स्वतः डावीकडं कललेला, आणि गाडी मात्र सरळ. विल्होचं झाड आडवं केलं, झिरमिळी माझ्या गळ्यात, आणि सरळ पुढं! ब्रेक दाबला. थांबली. उतरलो. हातांनी पुढून उचलून, पाठीचा जीव घेऊन, तोंड डावीकडं केलं. बसलो. थोडी गेली डावीकडं, मग वाऱ्यानं बाजूला सरकली आणि पुन्हा तोंड तळ्यापलीकडं. पुन्हा उतरलो. असं चार वेळा! हॉलचा धूर दिसतोय डावीकडं, पास्ट्यांचा वास येतोय, निदान मला तरी वाटलं येतोय, आणि मी गाडीभोवती वाकून फिरतोय. तेव्हा वाकल्या वाकल्या स्कीखाली नजर गेली. स्कीखाली पोलादाची पात असते. धारदार. ती बर्फ कापते म्हणून गाडी वळते. माझी पात झिजून चमच्यासारखी गुळगुळीत झाली होती. मागं एकशे चव्वेचाळीस खिळे ढकलतायत, पुढं दोन चमचे. वळणार कशी? आणि तेव्हा, तिथं, तळ्याच्या मध्यावर, गळ्यात झिरमिळी घेऊन उभा असताना मला कळलं, दरवर्षी तो स्की बगलेत मारून घरी नेऊन काय बघायचा ते. नवी पात बसवायचा. दरवर्षी. चौतीस वर्षं. आणि मला वाटायचं मला सगळं काम येतं. मला अर्धंच येत होतं हो.

बाराला जेवण, साडेबाराला कप मोजतात. चालत गेलो असतो तर? कागदी पेला. परत फिरू म्हटलं तर वळायला नको? मग म्हटलं जा बाई, तुला जायचंय तिकडं जा. आणि ती सरळ गेली. सरळ काय होतं? विल्होचा काठ.

आता खरं सांगतो, मला वाटलं, तो हॉलात असेल, त्याच्या काठावरून गुपचूप रस्त्याला लागू, नाक तरी वाचेल. पण काठाजवळ आलो तर काय दिसतं? तळ्यावर एक बर्फगाडी गोल गोल फिरतेय. भोवऱ्यासारखी! तिच्यावर एक जाडा माणूस, दोन्ही पाय बाहेर, टोपी उडालेली. दोन गिरक्या झाल्या, तिसरी झाली, मग आडवी थांबली, थेट माझ्यासमोर. मी ब्रेक दाबला. दहा पावलांवर उभा. त्यानंही इंजिन बंद केलं.

मी बर्फाकडं बघतोय, तो आभाळाकडं.

मग तो म्हणाला, "जेवण तिकडं आहे."

मी म्हणालो, "माहितीये."

"वळला नाहीस?"

"वळायचंच नव्हतं मला."

"हं."

मी म्हणालो, "तू काय करतोयस?"

"काही नाही. फिरतोय."

"गोल?"

"गोल."

मग तो हळूहळू उतरला, माझ्या गाडीपाशी आला, वाकला, स्कीखाली बघितलं. "पात नाही," म्हणाला. मी त्याच्या गाडीमागं गेलो, पट्टा बघितला. नवाकोरा, टकल्यासारखा गुळगुळीत. "खिळे नाहीत," मी म्हणालो. त्याच्या पुढं पात अशी धारदार की दाढी करावी, आणि मागं एक खिळा नाही! माझी नुसती पळते, वळत नाही. त्याची नुसती वळते, पळत नाही!

मी म्हणालो, "खिळे का नाही बसवलेस?"

तो म्हणाला, "बसवत होतो. आत अडकलो."

"अडकलो म्हणजे?"

"म्हणजे पोट. दीड तास पट्ट्यात पडून होतो. शेवटी पट्टा कापावा लागला, हा नवा आहे."

"हाक मारायचीस कुणाला तरी!"

"मारली की."

"कुणाला?"

तो बूट बर्फावर घासायला लागला. "कुणाला म्हणजे? नेहमीच्याच माणसाला. तीन मैलांवर होता, त्याला ऐकू नाही आलं."

मी गळ्यातली झिरमिळी काढली आणि खिशात कोंबली. मग तो माझ्या पट्ट्यापाशी गुडघे टेकून बसला. एकेक खिळा बघतोय, म्हातारा डॉक्टर बघतो तसा. मला वाटलं, आता काढणार वाकडे दोन शोधून. म्हणाला, "आत कोण होतं?"

"मीच."

"बाहेर?"

"तिथंही मीच."

त्यानं हातमोजा काढला, त्या थंडीत उघड्या बोटांनी एक नट धरला आणि जोर लावला. हलला नाही. दुसरा धरला. नाही हलला. तिसरा. मग वर न बघता म्हणाला, "घट्ट आहे रे."

बास. तीन शब्द. तुम्हाला वाटेल, ही काय माफी झाली? चौदा महिन्यांनंतर? अहो, आमच्याकडं याच्यापेक्षा मोठी माफी अजून कुणी मागितलेली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण थंडी इतकी की ते तिथंच गोठलं, म्हणून दिसलं नाही. मी म्हणालो, "सायमी खरंच द्यायची तुला बरणी." तो म्हणाला, "ती आधीच ढिली करून द्यायची रे. मलाही नव्हती उघडत."

मग काय, त्याची गाडी पुढं, वळायला, माझी मागं, ढकलायला, असे दोन म्हातारे दोनशे पावलांवरच्या त्याच्या गॅरेजात अर्ध्या तासानं पोचलो. जेवण हुकलं. कप? दोन्ही कप खाली आले! दोन्ही, कारण हा गाढवही गेल्या वर्षी गेला नव्हता. का? मी असणार म्हणून! सोमवारी डुएन दोन्ही कप एकाच पिशवीत घालून घेऊन आला, थेट विल्होच्याच गॅरेजात, मला शोधायला माझ्या घरी गेलाही नाही. म्हणतो, "काका, पुढच्या वर्षी नवीन सभासद म्हणून अर्ज करा." सत्तर वर्षांचे नवीन सभासद! तेव्हापासून माझा निळ्या नावाचा कप विल्होच्या शेगडीवर असतो.

आणि आता त्याच्या गाडीला खिळे बसवतोय आम्ही. आम्ही म्हणजे... आता आत कोण पडलंय, हे विचारू नका. पोट बसत नाही ना त्याचं! मीच! दोन माणसं, अनुभवी माणसं, मी हिशेब केला होता, चार तासांत उरकू. आज सहावा दिवस! का? अहो, चौदा महिन्यांचं साठलंय त्याच्याकडं! मी आतून ओरडतो, "धरलं!" आणि तो बाहेरून, "हां, थांब, तर काय झालं, मे महिन्यात माझी दाढ दुखायला लागली..." मी म्हणतो, "अरे, पिळ आधी!" तो म्हणतो, "पिळतो रे, तुला कुठं जायचंय?"

आणि खरंच, डोकं पट्ट्यात, दोन्ही हात वर, पाठीखाली सिमेंट... मी जाणार कुठं? कालपासून तो ऑगस्टमध्येच आहे.